ओठ वर असलेलं ऑर्किड

३ ऑगस्ट
पंपहाऊसच्या मागच्या पाणथळीत जांभळट रंगाचं रानटी ऑर्किड दिसलं. हे साधं नाही, बघताक्षणी कळलं. आठवड्याच्या आत ओळख पटवणार. निसर्गमंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे मेहुणे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि मला चारचौघांत हौशी म्हणतात. आता बघतोच.

४ ऑगस्ट
ही म्हणाली, दादाला फोन करून विचारा ना. विचारलं की शोध त्याचा होतो, हे तिला कोण सांगणार. पुन्हा जाऊन आलो. डावा बूट चिखलाने ठेवून घेतला.

५ ऑगस्ट, सकाळी
चिखलात वाकून भिंगातून बघायचं तर कंबर धरते. शेवटी एक तुरा तोडून घरी आणला. एकच. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला चिमटा लावून टांगला, देठ वर, फुलं खाली. बरोबर डोळ्यांसमोर आला. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

संध्याकाळी
फुलं ओळखायच्या पुस्तकातला पहिलाच प्रश्न: फुलाची सगळ्यात मोठी पाकळी, म्हणजे ओठ, वर आहे की खाली? वर. स्वच्छ वर. आणि ओठ वर असलेलं जांभळं ऑर्किड पुस्तकात नाहीच. म्हणजे नवीन जात! घाईत पुस्तकावर चहा सांडला. पानं पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.

६ ऑगस्ट
नवीन जातीला स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत म्हणे. दुसऱ्याने द्यायचं. म्हणजे मेहुण्यांनाच द्यावं लागणार, झक मारत. ऑफिसात साहेब अजून मला शेजारच्या टेबलावरच्याच्या नावाने हाक मारतात. वाईट वाटतं. कुठे तरी आपलं नाव राहावं, एवढंच.

८ ऑगस्ट
मंडळाला कळवलं. रविवारी माझं भाषण. हिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने अख्ख्या बिल्डिंगला. नवा शर्ट आणला. आरशासमोर नम्र दिसायची प्रॅक्टिस केली. जमतंय.

१० ऑगस्ट, रविवार
हॉल भरलेला. पडद्यावर मी काढलेला तुऱ्याचा फोटो. मेहुणे बराच वेळ टक लावून बघत होते, म्हटलं जिंकलो. मग त्यांनी विचारलं, फोटो कुठे काढला. मी सांगितलं, बाल्कनीत, दोरीला टांगून, एकदम पद्धतशीर. त्यांनी मान वाकडी केली. मग पहिल्या रांगेने केली. मग सगळ्या हॉलने.
मेहुणे हळू आवाजात म्हणाले, तुरा सरळ धरला की ओठ खाली येतो. नेहमीचंच ऑर्किड आहे, पुस्तकात पहिल्या पानावर. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका बाईंनी फक्त विचारलं, तोडलंत कशाला? ही मागच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे बघवलं नाही.

११ ऑगस्ट
मंडळाने माझ्यावर एक जबाबदारी सोपवली आहे. पाणथळीच्या कडेला 'फुलं तोडू नयेत' अशी पाटी रंगवून लावायची. खाली बारीक अक्षरांत माझं नाव टाकू का, म्हणून मेहुण्यांना विचारलं. नको म्हणाले. लोकांना वाटेल, पाटी फक्त तुमच्यासाठीच आहे.