नातजावयाचे कडक शॉकअप

मंगळवार, पौष, १९९८

पयले आली माही नात शेवंता. तिले पाहून असा जीव हरखला! मांगून नातजावई आले, बल्लारपुरातून आमच्या फटफटीले धक्के झेलाचे नवे शॉकअप घेऊन. जुने पार बसले होते, तलावाच्या पारीवर, त्या बांधावर, वळणाले गाडी डोलत होती. माहा पोरगा, शेवंताचा बाप, तिच्यावरच जित्ती मरळ मासोळी बाजारात नेते. मेली मरळ कोन घेते?

जावयानं शॉकअप बसवले आन् रिकामी गाडी फिरवली. सासऱ्याले म्हने, "पहा मामाजी, वळणाले हालत बी नाई!" मंग मले म्हने, "बसा आजी."

मासोळीचा डबा मांडीवर घेऊन बसली मी. बसनं कायचं, मुसळानं कांडून राह्यले मले! दर खड्ड्याले डब्यातलं पानी लुगड्यावर. शी! मंग घरी दोनदा आंग धुतलं, तरी वास जाऊन नाई राह्यला. उतरून पाह्यलं त डब्यात चुल्लूभर पानी, मरळी आपटून आपटून उलट्या पडल्या.

"कसं वाटलं आजी?"

जावयाले नाव कसं ठेवावं? "बेस हाये," म्हनलं. पोरगाही "बेस" म्हने. दोघंही खोटारडे! आन् पोरगा बाजारात काय नेनार, मेल्या मासोळ्या?

शेवटी शेवंताच्या कानात सांगतलं. ते नवऱ्याले म्हने, "आजीच्या लुगड्याचा वास घ्या जरा."

बिचारे लाजले. म्हने, "आजी, काऊन नाई सांगतलं? याच्याहून थोडे नरम आनतो. पन डोलाले नाई पाहिजे. आता भरला डबा ठेवूनच पाहू."

वास अजून येतेच, शी! शनिवारी येतो म्हनाले दोघं. त्या दिवशी मी जुनंच लुगडं नेसन.