शर्टाखालची तीन वर्षं

प्रिय दादा,

पोटावर शौचाची पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तू डॉक्टरांना सुनावलंस, वहिनीनं सांगितलं. मग ऐक. तीन वर्षांपूर्वीचं माझं हर्नियाचं ऑपरेशन ही शुद्ध थाप होती. तेव्हापासून माझ्याही पोटावर पिशवीच आहे.

सुरुवातीला, बाहेर काढलेल्या आतड्याभोवती चिकटवायच्या चकतीचं भोक मी शिंप्याच्या सवयीनं सैल कापलं आणि कातडी सोलवटून घेतली. नर्स म्हणाली, "मास्तर, इथं सैल चालत नाही." आता अगदी बेतशीर कापतो. गेल्या वर्षी तुझा कोट शिवला, तेव्हा खूश होऊन घट्ट मिठी मारलीस. शर्टाखालचं काही कळलं?

हे पत्र टाकत नाही. उद्या मीच येतो. आधी माझा शर्ट वर करतो, मग तू बोल.

तुझा धाकटा