कुसुमचा न सरणारा सातवा महिना

गुरुवार, ६ नोव्हेंबर १९८६. दहिवली, कर्जत.

आज कळस झाला. 'मधलं दार'च्या आजच्या भागात काय घडलं, तर कुसुम खिडकीत उभी राहिली आणि तिला आठवलं. काय आठवलं? ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेलं, जसंच्या तसं, गाण्यासकट. आठवून झाल्यावर ती खिडकीतून बाजूला झाली. समाप्त. पुढे साबणाची जाहिरात. ती निदान नवी होती.

लेखकांचा संप नवरात्रात सुरू झाला, तेव्हापासून हेच. निर्मात्याच्या लेखी प्रेक्षक म्हणजे गोठ्यातली गुरं, कालचं आज रवंथ करतील. आणि चुकतो कुठे तो? माझ्या बाहेरच्या खोलीत आळीतल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. शेजारची अनुसया म्हणते, "किती गुनाची गं बाय! मागचं समदं ध्यानात ठेवलंय."

विनू आत, दार लावून. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ही मालिका तोच लिहितो. लिहीत होता. मुंबईत निर्माता दारात धरणं धरतो म्हणून माझ्याकडे येऊन राहिलाय. जेवताना भात चिवडत म्हणाला, "मावशी, त्या खोलीला मी खिडकीच दिली नव्हती. म्हणून तर ते मधलं दार."

शनिवार, ८ नोव्हें.

नाना पोतदार सकाळीच. भाताची गिरणी चालवतात, त्यामुळे जगातल्या सर्व विषयांवर मत. "लिहायला काय लागतं हो? दोन सासवा, चार सुना. आमच्या गिरणीवर रोज होतात असले दोन भाग."

वि. म्हणाला, "मग पाठवा ना लिहून."

"वेळ कुठाय?"

ज्याला ज्याला काही येत नाही त्याला त्याला वेळ नसतो, हे मी आयुष्यभर पाहत आले.

वर्तमानपत्रातही आलंय, 'लेखकांचा हट्ट'. हट्ट कसला, तर लिहिलेलं न विचारता फिरवू नका आणि नाव पडद्यावर वाचता येईल इतका वेळ ठेवा. विनूचं नाव असं येतं की शिंक आली तर चुकतं. मला माहीत असून मी एकदाच वाचू शकले. तो अंक फडताळात अंथरला, अक्षरं खाली करून. वर लोणच्याची बरणी.

सोमवार, १० नोव्हें.

अनुसयेची शकू बाळंतपणाला आलीय. पोर लहानपणी माझ्याकडे पाढे म्हणायला यायची, परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन. आता तोंडावर रक्त नाही. आधीची दोन पोटातच गेली. ह्या खेपेला नववा लागला, तसा अनुसयेचा जीव टांगणीला.

आणि त्यात तो नारळ.

सप्टेंबरात मालिकेत कुसुमला सातवा लागला. शकूलाही तेव्हाच. अनुसयेच्या डोक्यात आलं, दोघींची ओटी एकदमच भरू. माझ्या टीव्हीपुढे पाट मांडला, टीव्हीच्या कपाळाला कुंकू लावलं (अजून पुरतं निघालं नाही), खण-नारळ आधी कुसुमपुढे ठेवला, मग तोच उचलून शकूच्या ओटीत घातला. एक नारळ, दोघी. तो शकू मोकळी होईपर्यंत फोडायचा नाही म्हणे. म्हणजे आता एकीचं जे होईल ते दुसरीचं. हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे ते विचारायची सोय नाही.

मी तिथे नव्हते. माझंच घर, माझाच टीव्ही, पण हे गेल्यापासून ओटीच्या वेळी माझं तोंड समोर नको. "बाई, तुमी जरा आत बसता का?" किती हळू आवाजात म्हणाली होती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. भिंतीपलीकडून कुसुमचं गाणं ऐकू येत होतं. अडाणीपणासुद्धा किती अदबीनं करता येतो!

आज विचारत होती, "बाई, आमच्या शकूला नववा लागला, मग कुसुमला अजून सातवाच कसा गं बाय?"

वि. आतून ओरडला, "निर्मात्याला विचारा!"

बुधवार, १२ नोव्हें.

साक्षात निर्माता. मोटार अंगणात आली तीच अनुसयेच्या वाळत घातलेल्या भातावरून. काळा चष्मा घरात आल्यावरही काढला नाही. मला 'आंटी' म्हणाला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की पाहुणा कितीही गावंढळ असला तरी चहा गरमच द्यावा. दिला.

"विनायकराव, चार पानं फक्त. कुणाला कळणार नाही, नाव दुसऱ्याचं टाकतो."

म्हणजे ज्यासाठी संप, तेच वरून बक्षीस!

मग गृहस्थ बशीत चहा ओतत म्हणाला, "नाही तर पुढच्या आठवड्यात कुसुमला संपवतो बाळंतपणात. त्या नटीलाही सिनेमा मिळालाय, जायचंय. जगवायला लेखक लागतो साहेब, मारायला लागत नाही. पांढरी चादर, सारंगी, झालं."

विनू म्हणाला, "मारा."

एवढंच. पण मोटार गेल्यावर त्यानं निर्मात्याची कपबशी दोनदा विसळली.

बाहेर अनुसया मोटारीखाली आलेलं भात सुपात घेऊन पाखडत होती. सूप थांबलेलं. तिनं सगळं ऐकलं.

गुरुवार, १३ नोव्हें.

आजच्या भागात कुसुमला आधीचं आठवल्याचं आठवलं. मी हात टेकले.

बायका गेल्या, अनुसया मागे राहिली. विनूच्या दाराशी जाऊन बसली. "दादा, चार पानं लिवा. माझ्या पोरीची दोन गेली. ह्यो नारळ दोघींचा हाय. कुसुमचं काय झालं तर शकू हाय खाईल. ती आत्ताच जेवत नाय."

विनू बाहेर आला, तिच्यासमोर खालीच बसला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, मी एकट्यानं लिहिलं तर बाकीचे उघडे पडतील, त्यांचीही घरं माझ्या भरवशावर आहेत. मग समजुतीनं, "अनुसयाबाई, कुसुम खरी नाही हो."

"खरी नाय? मग तुमी कशापायी रुसलाव? कागदाची बाई हाय तर लागू द्या की कुनाचंबी नाव!"

विनूनं चहा पुढे सरकवला. ती उठून गेली. चहाला हातही लावला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हें.

विनूशी भांडण. मी म्हटलं, लिही. तो म्हणाला, "मावशी, तूसुद्धा?" मी म्हटलं, नारळ-बिरळ मला कळत नाही, पण पोर खरंच जेवत नाही, हे डोळ्यांना दिसतं. तो म्हणाला, "ह्या गुरुवारी मी कुसुमला वाचवीन. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा चादर दाखवील. मग?"

बरोबर आहे त्याचं. म्हणून तर जास्त राग आला. दिवसभर अबोला. एकाच मुरंब्याच्या बरणीत दोघांचे चमचे, पण बोलणं नाही.

मंगळवार, १८ नोव्हें.

शकू आली, एकटीच. पायरीवर बसली. आवळासुपारी दिली तर मुठीत धरून राहिली.

"बाई, तुमच्या इंग्रजी पुस्तकांत बाळंतपणात मरतात का हो बाया?"

मरतात. ढिगानं मरतात. इंग्रज लेखकांना तर आई जगवायचा कंटाळाच. पण तिला काय सांगणार? म्हटलं, "शहाण्या लेखकाच्या नाही मरत."

"आपल्या मालिकेचा लेखक शहाना हाय?"

"संपावर आहे," मी म्हटलं.

जाताना हसली थोडी. तिच्या पायांवर सूज आहे.

पाचगणीच्या बोर्डिंगात रोज दुपारी आम्ही मोजे रफू करायचो आणि मदर सेसिलिया कादंबरी वाचून दाखवायची. घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटून कपाटात. किल्ली कमरेला. सगळ्या मुली मग माझ्या खाटेभोवती. नलू, पुढे काय झालं असेल सांग. मी सांगायची. वाटेल ते सांगायची. त्या डॉर्मिटरीत किती लोक मी मरणातून परत आणले... मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. आज सारखा येतोय.

गुरुवार, २० नोव्हें.

केलं. लिहून ठेवते.

बायका यायच्या आधी मागल्या शिडीवरून पत्र्यावर चढले आणि एरियलची तार ओढून काढली. ह्या वयात, पाचवारी खोचून घेतली म्हणून जमलं. उतरताना पाहिलं, विनूनं शिडी धरली होती. अबोला चालूच.

सगळ्या आल्या. अनुसया तेवढी नव्हती, ती डिंक-खारीक आणायला भावाकडे शिळफाट्याला गेलेली. टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या. एकच हाहाकार! "थोबाडीत मारा त्याच्या," पोतदारांची सून म्हणाली आणि मारलीही. मुंग्याच. शकू भिंतीला टेकून बसलेली, नारळ पदराखाली. तिचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, "आजची गोष्ट मला माहितेय. विनूनं सांगितलीय."

सांगितली. कुसुमला कळा सुरू होतात. सुईण दिराच्या घरात, म्हणजे मधल्या दाराच्या पलीकडे, आणि भाऊ भांडल्यापासून त्या दाराला कुलूप. कुसुम हाका मारते. पलीकडे ऐकू जातं, पण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग सासू उठते. दोन वर्षं सुनेशी न बोललेली सासू. कमरेची किल्ली काढते, तर कुलूप गंजलेलं. मग वरवंटा आणते...

"घाल गं म्हातारे, घाल घाव!" मागून कुणीतरी.

कुलूप तुटलं. दार उघडलं. सुईण आत गेली. मी थांबले.

"मुलगा का मुलगी?" सगळ्या एकदम.

"पुढच्या गुरुवारी."

काय शिव्या दिल्या मला! शकूनं मात्र घरी जाऊन आमटी-भात खाल्ला, असं तिची धाकटी बहीण सांगून गेली.

वि. दारात उभा राहून ऐकत होता. "मावशी, संप फोडलास की."

"मी लिहिलं नाही. तोंडी सांगितलं."

दाराची कडी खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "पण कुलूप सासूनं तोडायला नको होतं. ते कुसुमनं तोडायला हवं."

"नऊ महिने भरलेली बाई वरवंटा उचलणार? तुम्ही पुरुष लिहिता, ते असं!"

आठवड्यानं पहिल्यांदा दोघं हसलो.

शुक्रवार, २१ नोव्हें.

नाना पोतदार, गेटातूनच, जितका मोठा काढता येईल तितका आवाज काढून: "मेली की हो कुसुम! काल गिरणीवरच्या टीव्हीवर पाहिलं. काय सीन, वा! चादर, सारंगी... लेखक नसले तरी अडलं नाही बघा कुणाचं."

मी म्हटलं, "नाना, हळू बोला."

"का हो?"

ह्या माणसाला समजावण्यात अर्थ नाही. आत गेले. कर्जतभर आज हेच चाललं असणार. मी एक तार ओढली, ह्या गावात एरियलं किती! मूर्खपणाच माझा. कुणीतरी शकूच्या कानावर घालणारच.

दुपारी अनुसया. शिळफाट्याहून थेट, पिशवी हातातच. भावाकडे टीव्ही आहे, हे मी विसरलेच होते. दारात उभी. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"पाह्यलं मी," म्हणाली. "चादर टाकली."

मी पाट पुढे केला.

"आळीत सांगून आलेय. शकूच्या म्होरं जी तोंड उघडंल तिच्या चुलीत पानी वतीन. नानाला बी सांगितलंय."

मग पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसली. "शकूनं मला तुमची कुसुम सांगितली. दार उघडलं म्हनं. सुईन आत गेली." माझ्याकडे वर पाहिलं. "मग?"

नक्की मदर सेसिलियाचा चेहरा. एकदा तिनं डॉर्मिटरीच्या दारात उभं राहून माझी गोष्ट ऐकली होती. मला वाटलं, आता छडी. तर तिनंही एवढंच विचारलं...

शनिवार, २२ नोव्हें.

सकाळी शकूला कळा. दवाखान्यात न्यायला पोतदारांच्या गिरणीचा टेंपो मागितला, नानांनी दिला. मागे गादी घातली. जगात अगदीच कुणी टाकाऊ नसतं म्हणायचं, नाइलाज आहे.

टेंपो सुरू झाला आणि अनुसया उतरून माझ्याकडे धावत आली. पदराखालून नारळ काढला.

"बाई, ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. कुसुम तुमच्यापाशी हाय."

"अगं अनुसये, मी कशी... माझ्या हाताला..."

"ठावं हाय मला, तुमी कोन ते. धरा."

हातात दिला. सगळ्या आळीदेखत. शकू टेंपोतून पाहत होती.

नारळ कुठे ठेवावा कळेना. टीव्हीवर तर मुळीच नाही. देवापुढे ठेवला, परत उचलला. आता मांडीवर आहे, म्हणून अक्षर तिरपं येतंय. शेंडीला कुंकू लागलंय, बोटांना येतं. पुसलं नाही.

विनू येरझारा घालतोय. मुंबईहून निरोप आलाय, सोमवारी पुन्हा बोलणी. त्याचं लक्ष तिकडे नाही. मघाशी समोर येऊन बसला.

"मावशी, गुरुवारी सगळ्या येणार. मुलगा का मुलगी? काय ठरवलंयस?"

म्हटलं, "टेंपो परत येऊ दे."

ऊन कलायला लागलं. गिरणी आज बंद आहे, म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक आवाज ऐकू येतो. एक गाडी आली, पण ती न थांबता कळंबकडे गेली.