शिसपेन्सिलीतले साठ हजार

ता. ४ जून

तीर्थस्वरूप दादास,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, रागावू नकोस. नव्या जागेत आता बस्तान बसलं. खोल्या दोनच, पण स्वयंपाकघरात सकाळचा उजेड छान येतो. देवाची तसबीर तिथल्याच भिंतीवर लावली आहे.

यांना मात्र त्या उजेडाचा उपयोग होईनासा झाला आहे. छापखान्यात मुद्रितं तपासताना परवा यांच्या नजरेतून एक अख्खी ओळ निसटली. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकांनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक नवा माणूस बसवला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, वर्ष उलटू देऊ नका. दोन्ही डोळ्यांचा खर्च पंचावन्न हजार. मी निर्धास्त होते, कारण जुन्या घराची अनामत साठ हजार यायची होती.

ती आलीच नाही रे. घर सोडलं त्या दिवशी सकाळी घरमालकांचा फोन आला होता, की संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत रोख घेऊन येतो, वहिनी, काळजी नको. ती संध्याकाळ गेली, मग तीन महिने गेले. लेकीने मला जवळजवळ ओढतच एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी नोटीस पाठवली. उलट उत्तर काय यावं? आम्ही म्हणे तीन महिन्यांचं भाडं थकवलं, भिंतींची नासाडी केली, ते वळतं करून अनामतीतलं काही उरलेलं नाही. अकरा वर्षं मी महिन्याच्या एक तारखेला, अंघोळ-पूजा झाली की आधी भाडं पोचवलं आणि मग चहा घेतला. ते वाचून पोथी हातात धरवेना.

हे म्हणतात, जाऊ दे, एवढं काही वाईट दिसत नाही मला. आणि असं म्हणत असताना चष्मा शोधत होते. तो कपाळावर होता. त्याच क्षणी मी ठरवलं की दावा लावायचा. तुझं मत कळव.

वहिनीला नमस्कार. आम्हां तिघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

ता. १२ जून

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

माझं मत कसलं विचारतेस? लहानपणी माझ्या हातून सांडलेल्या दुधाचा सुद्धा तू हिशोब मांडून आईला दाखवायचीस. त्या घरमालकाला अजून कळलेलं नाही की त्याची गाठ कोणाशी पडली आहे. मला त्या गृहस्थाची आत्ताच कीव येते.

गंमत सोडून सांगतो, लढ. तुझ्या हिशोबाच्या वह्या वकीलबाईंच्या हवाली कर. त्याने भाडं थकल्याचं म्हटलंय ना, मग अकरा वर्षांचं भाडं त्यांत तारीखवार असेलच. तारखेला मी येईन. मला कोर्टात बोलता येत नाही, पण माझ्या मिशा बऱ्या आहेत, तुझ्या मागच्या बाकावर नुसता बसून राहीन.

लेथवर काम बरं चाललंय. वहिनीचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे. मेहुण्यांना म्हणावं, जिना उतरताना कठडा धरा.

आशीर्वाद आहेतच, पत्रात खंड पडू देऊ नकोस.

तुझा
दादा

ता. २० ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

दादा, मी माझ्या हाताने माझा घात केला.

तू सांगितलंस तसं वहीचं केलं. वकीलबाईंनी शेवटच्या वर्षाच्या वहीची झेरॉक्स काढून कोर्टात दिली. भाडं एकही महिना चुकलेलं नाही हे त्यात स्वच्छ दिसत होतं. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. काल घरमालकांचा वकील उभा राहिला. त्याने भाड्याचं नावच काढलं नाही. शेवटचं पान उघडलं आणि माझ्याच अक्षरातली ओळ वाचली, ती घर सोडल्याच्या तारखेची: अनामत परत, जमा, साठ हजार. म्हणाला, बाईंनी पैसे घेतलेत, वहीत लिहिलेत, आणि आता पुन्हा मागताहेत.

ओळ माझीच आहे. माझी रीत तुला ठाऊक आहे. हातात आलेला पैसा मी शाईने लिहिते. कोणी देतो म्हटलं की त्या दिवशी तो शिसपेन्सिलीने लिहून ठेवते, म्हणजे महिन्याचा अंदाज बांधता येतो. पैसे आले की वरून शाई फिरवते. त्या सकाळी फोन ठेवला आणि मी लगेच पेन्सिलीने ओळ लिहिली. पण दादा, झेरॉक्समध्ये पेन्सिल आणि शाई सारखीच काळी येते! हे मला मेलीला कुठून कळणार?

वकीलबाईंनी तिथल्या तिथे मूळ वही मागवण्याचा अर्ज केला. न्यायाधीश म्हणाले की एका ओळीवरून रीत सिद्ध होत नाही, अकराही वर्षांच्या वह्या घेऊन या, आणि पेन्सिलीच्या ज्या ओळींवर शाई फिरलीच नाही त्या वेगळ्या काढून आणा. मी काल सगळ्या वह्या चाळल्या. अशा चौदा ओळी निघाल्या.

आता जीव घट्ट करून लिहिते. त्यांतली एक तुझी आहे. नऊ वर्षांपूर्वी लेथच्या मोटारीला नेलेले आठ हजार. मी कधी त्याचा उच्चार केला नाही, पुढेही केला नसता. पण कोर्टात विचारलं तर शपथेवर खोटं बोलवणार नाही, आणि भर कोर्टात तुझं नाव घेताना जीभ रेटायची नाही. तू नको म्हणालास तर वकीलबाईंना सांगून दुसरा काही मार्ग बघते.

तुझ्या लोभाला तडा जाऊ नये, एवढंच देवापाशी मागते.

तुझी
धाकटी

ता. २७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्याआधी तुझ्या वहिनीने वाचलं. ती मोटार मी माझ्या बचतीतून घेतली, असं गेली नऊ वर्षं ती चारचौघांत सांगत आली होती. पुढचं काय लिहू? दोन दिवस मला चहा मिळाला, पण कपबशी टेबलावर आदळून.

चूक माझी आहे. पहिलं वर्ष खरोखर जमलं नाही. दुसऱ्या वर्षी जमलं असतं, पण तू मागितले नाहीस, आणि मी स्वतःची समजूत घातली की धाकटी विसरली. तू कधी काही विसरल्याचं मला आठवत नाही, तरी घातली. मोठ्या भावाला हे शोभलं नाही.

माझं नाव खुशाल घे, मोठ्याने घे. आठ हजार तुझ्या बँकेत आजच भरले आहेत. आता माझ्या ओळीवरून शाई फिरव.

तुझी वहिनी म्हणते की तारखेला ती पण येणार. माझ्यावर नजर ठेवायला, दुसरं काय!

कान पकडलेल्या भावावर राग धरू नकोस.

तुझा
दादा

ता. १८ सप्टेंबर

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुमची परतीची बस लांबली नाही ना? तू मागच्या बाकावर होतास म्हणून मी न अडखळता बोलले. पण तुला मागे ऐकू येत नव्हतं, म्हणून आत काय काय झालं ते लिहिते.

आधी तुझी ओळ. शाई फिरवायला मी पेन उघडलं होतं, पण वकीलबाईंना विचारलं तर त्या ओरडल्याच. निकालापर्यंत वहीला बोट लावायचं नाही म्हणाल्या. म्हणून तुझे आठ हजार आले तरी वहीत तू अजून देणेकरीच होतास. न्यायाधीशांनी ती ओळ विचारली तेव्हा मी खरं ते सांगितलं, की माझे थोरले भाऊ, पैसे गेल्याच महिन्यात आले, ते मागे बसलेत. त्यांनी मान वर करून पाहिलं ते तुझ्याकडेच. तुला वाटलं त्यांना तुझ्या मिशा आवडल्या. असो.

मग एकेक ओळ निघाली. छापखान्याच्या मालकांनी कबूल केलेला बोनस, चार वर्षांचा, चारही ओळी पेन्सिलीच्याच. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने नेऊन हरवलेल्या छत्रीची किंमत. आणि दहावी ओळ आली तेव्हा न्यायाधीश थांबले. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीत आमच्याकडून जास्तीचे घेतलेले साडेचारशे, घरमालक पुढच्या महिन्यात वळते करणार, म्हणून लिहिलेले. सहा वर्षांपूर्वीचे. त्यांनी ते घरमालकांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे तरी दिलेत का. घरमालक म्हणाले, एवढ्याशा रकमेचं कोण लक्षात ठेवतो. न्यायाधीश म्हणाले, या बाई ठेवतात.

पुढे त्यांनी विचारलं की नोटिशीच्या उत्तरात अनामत भाड्यात वळती केली म्हणता, आणि आता रोख परत केली म्हणता, यातलं खरं कुठलं? रोख दिली तर कुठून काढली? घरमालक म्हणाले, बँकेतून. मग पासबुक दाखवा म्हटल्यावर आपल्या वकिलाकडे पाहायला लागले. त्यांचा वकील छताकडे पाहत होता.

शेवटी मला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, न्हाणीघरातली एक फरशी आमच्या बादलीने फुटली होती, तिचे दोनशे कापून घ्यावेत. वकीलबाईंनी खालून माझा पदर ओढला, पण तोवर तोंडातून गेलं होतं. तिथे वहिनी मोठ्याने हसली, ते तू ऐकलंच असशील. शिपायाने डोळे वटारले.

निकाल आपल्या बाजूने झाला. दोनशे वजा करून बाकी सगळे, वर व्याज आणि दाव्याचा खर्च, तीस दिवसांत. घरी येऊन देवापुढे डोकं टेकलं ते बराच वेळ उचलवेना.

तुम्हां दोघांची सावली अशीच राहो.

तुझी
धाकटी

ता. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पैसे एकोणतिसाव्या दिवशी आले. यांचा उजवा डोळा झाला, परवा डावाही झाला, आणि काल सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरीणबाई खूश आहेत. सोमवारपासून कामावर जा म्हणाल्या. छापखान्याच्या मालकांचा निरोप आला की टेबल तसंच ठेवलंय.

काल पट्टी काढून घरी आल्यावर यांनी पहिलं काय मागावं? पेपर नाही, पोथी नाही, कोर्टाचा निकाल. इतके दिवस आम्ही वाचून दाखवला तोच ऐकला होता. खिडकीशी बसले आणि तांबडं पेन घेऊन माझ्याकडच्या नकलेवर ओळीओळीने बोट फिरवू लागले. तिसऱ्या पानापर्यंत दोन चुका काढल्या, एक सुटलेला काना आणि एक जास्तीचा अनुस्वार. मग पहिल्या पानावर परत आले आणि हसायलाच लागले. माझं वय ५२ च्या जागी २५ छापलंय.

एवढा मोठा कागद, त्यात चूक, उद्या घरमालक म्हणेल ही बाई ती नव्हेच! मी वकीलबाईंना फोन करायला उठले. यांनी मला खाली बसवलं. म्हणाले, पैसे आले, डोळे झाले, आता कोण विचारतंय. बाकीच्या दोन चुकांना खुणा केल्या, त्या वयाला मात्र पेन लावलं नाही. कोर्टाचा हुकूम आहे, तो आपण कोण बदलणार, असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. दादा, दोन वर्षांत यांनी मला इतकं नीट पाहिलं नव्हतं. मी उगाच पदर सारखा करत बसले.

लेक आतून हे सगळं बघत होती. लगेच म्हणाली की आता आई माझ्याहून एकाच वर्षाने मोठी.

दोघं सवडीने या, चार दिवस राहा. वाट पाहते.

तुमची
धाकटी (वय वर्षे पंचवीस)