अण्णांना गोळी लागते तो पिक्चर

४ मे, सोमवार. लोहारा
माहेरी येऊन दोन दिवस. अण्णांचं बायपास शनिवारी, सोलापूरला. डॉक्टरांनी सांगितलं तर अण्णा म्हणतात, "त्याच्या आधी मला माझा पिक्चर बघायचाय." झालं! ऑपरेशन राहिलं बाजूला, घरात पिक्चरवरून भांडण.

आई-अण्णांचं लग्न झालं त्या वर्षी नळदुर्गच्या किल्ल्यात हेरगिरीच्या पिक्चरचं शूटिंग होतं. अण्णा नुसते बघायला गेले अन् पहारेकऱ्याचे कपडे चढवून उभे राहिले. हीरो गोळी घालतो, अण्णा कोसळतात. पुढं अख्ख्या गल्लीनं डीव्हीडी लावून बघितला. आईनं आजवर न्हाय. "जित्या नवऱ्याचं मरण बघू व्हय मी?"

५ मे
डीव्हीडी सापडेना. आईला विचारलं. "मला काय ठाव?" खोटं बोलताना ती पदर कमरेला खोचते. खोचला.

६ मे
सापडली! ज्वारीच्या कोठीत, पिशवीत गुंडाळून. शेजारच्या सुमनमावशीकडून प्लेअर आणलाय. पण लावावं का? उद्या काही कमीजास्त झालं तर आई जन्मभर मलाच धरून बसेल. मी एवढी शिकलेली, अन् मलाबी भ्या वाटायलंय.

७ मे, गुरुवार
आई देवळात गेली तसा लावला. बया अर्ध्या वाटेतून परत! दारातच उभी. टीव्हीवर अण्णा, काळ्याभोर मिशा, बंदूक धरलेली.

"थांबव."

थांबवला. आई टीव्हीजवळ गेली. "इतके बारीक होते व्हय तुमी?"

अण्णा म्हणाले, "तवा तुझ्या भाकरी नुकत्याच सुरू झाल्त्या."

लई दिवसांनी दोघं हसले. मी बंद करायला गेले तर आईनं मनगट धरलं. "हात लावायचा न्हाय. तुझे अण्णा घरी येस्तोवर हे असेच उभे राहतील."

मी रिमोट खाली ठेवला.

८ मे. सोलापूर
अॅडमिट केलं. घरी टीव्ही तसाच चालू. चावी सुमनमावशीकडं. आईचे सारखे फोन, "उभे हायेत का?" मावशी वैतागली, "हायेत गं बाई, कुठं जातेत!"

तिकडं वारं सुटलंय म्हणे. घरी इन्व्हर्टर न्हाय. हे आईच्या ध्यानात आलंय का, कुणास ठाऊक. मी विषय काढला न्हाय.

९ मे, शनिवार
ऑपरेशनला आत नेलं. जाताना अण्णा आईला म्हणाले, "आल्यावर पुढचं बघू." आई नुसती मान हलवत राहिली.

आत्ता मावशीचा फोन. लाईट गेली. टीव्ही काळा.

"कुणाचा गं?"

"मावशीचा."

"उभे हायेत ना?"

"हायेत."

म्हणाले खरी. माझ्या हातानं पदर कमरेला कधी खोचला, मलाच कळलं न्हाय. आईनं पदराकडं बघितलं. मग माझ्याकडं. शेजारी सरकून बसली.

दार अजून उघडलेलं न्हाय.