हिरव्या पावडरीचा देश

३ मार्च, मिल्टन कीन्स, इंग्लंड
सही केली! एका झटक्यात, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

माचा, म्हणजे हिरव्या चहाची पावडर, आली चीनमधून. ओरिजिन सर्टिफिकेटवर लिहिलंय जपान. खाली क्वालिटी मॅनेजर म्हणून मी.

कंपनीचे मालक संजय सर म्हणाले, "चायना लिहिलं की कॅफेवाले घेत नाहीत गं. आणि तुझा व्हिसा आपल्याच कंपनीवर आहे, ना?" किती गोड आवाजात! नोकरी गेली तर साठ दिवस. त्यात व्हिसा देणारी दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर भारतात परत.

४ मार्च
कामावर गेले. आले.

९ मार्च
नागपूरहून बाबांचा फोन. "विहारात सगळ्यांना सांगितलं, आमची धम्मशीला मॅनेजर झाली!"
आवाज कट होतोय म्हटलं. ठेवला.

१४ मार्च
लंचला आमच्या लॅबमधल्या, चीनहून आलेल्या लिनने घरून आणलेल्या वाडग्यात माचा घुसळला. बांबूची छोटी रवी, भराभर हात. पांढरा फेस आला, त्यावर तिने चमच्याने एक पान काढलं. म्हणाली, "हजार वर्षांपूर्वी, सोंग राजांच्या काळात, आमच्याकडे चहा असाच प्यायचे."

चीनमधून जपानला तो भिक्खूंनी नेला. तिथे टिकला. चीनमध्ये पुढे पानं गरम पाण्यात टाकून प्यायला लागले, घुसळणं मागे पडलं. लिनच्या आजीलाही येत नव्हतं! लिन सव्विसाव्या वर्षी क्लासला जाऊन शिकली. आता तिच्या गावातली तरुण मुलं शिकतायत, पावडरीचे कारखाने निघालेत.

"आमचंच आम्ही परत मिळवलं," म्हणाली. मग टेबलावरची फाईल सहज उघडली. सर्टिफिकेट वाचलं. "ही तुझी सही?"

मी हो म्हटलं. व्हिसाचंही सांगितलं. तिने वाडगा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
नवा माल. परत सही.
संजय सर — "बघ, होते सवय."
होते! त्याचीच भीती वाटते. आज पेन मीच पुढे होऊन मागितलं.

२४ मार्च
सकाळी ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे मालातली फसवणूक तपासणाऱ्या इथल्या सरकारी खात्याला, फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "त्या कागदांवर सही कोणाची आहे, माहितीये?"

स्पेलिंग सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश. माझ्या नावाचं.