‘कधीच नाही’च्या चौकटीतली खूण

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी माझ्यापुढे छापील प्रश्नावली ठेवली की माझे तळवे ओले होतात. पांडेसऱ्याच्या आपल्या मराठी शाळेत मी आधी तुमची विद्यार्थिनी होते. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या वर्षी तुमच्याच स्टाफरूममध्ये हंगामी शिक्षिका म्हणून आले. वडील कामाला होते ती कापड रंगवायची डाइंग मिल तेव्हा बंद पडली होती आणि घर माझ्या नोकरीवर उभं होतं. त्याच हिवाळ्यात एम.एड. करणारी एक मुलगी शाळेच्या वातावरणाचं मोजमाप करायला आली. चार पानी प्रश्नावली, प्रत्येक विधानापुढे चार चौकटी, ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. नाव लिहायचं नाही, कुणाला कळणार नाही, असं ती दोनदा म्हणाली. ‘मुख्याध्यापक शिक्षकांचं म्हणणं ऐकून घेतात’ या विधानापुढे मी ‘कधीच नाही’वर खूण केली. शेवटी दोन ओळी मोकळ्या होत्या, तिथे लिहिलं, ‘सर दारात आले की स्टाफरूममधलं बोलणं थांबतं.’ लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं, पण खोडलेलं जास्त दिसलं असतं.

त्या मुलीनं विश्वासानं गठ्ठा ऑफिसात ठेवला, सोमवारी नेते म्हणाली. शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना थांबवलं. टेबलावर माझा कागद आणि शेजारी आपले रजेचे अर्ज. सर चिडलेले नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी ते वाक्य शांतपणे वाचलं. अक्षर दोघींपैकी एकीचं वाटतं, म्हणाले, आणि तुमच्याकडे नि माझ्याकडे पाहिलं. मी कित्ता तुमच्याकडेच गिरवलेला, अक्षर वेगळं येणार कुठून? मग त्यांनी कोरे कागद वाटायला घेतले. प्रत्येकानं तेच वाक्य लिहून द्यायचं. माझ्या मनात एकच विचार, घरी आईला काय सांगू. कागद माझ्यापर्यंत यायच्या आत तुम्ही उठलात.

“कागद राहू द्या, सर. ते मी लिहिलंय.”

सरांनी विचारलं, नक्की? तुम्ही म्हणालात, “खोटं असेल तर सांगा.” कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

जूनमध्ये तुमचा दहावीचा वर्ग काढून घेतला. बावीस वर्षं मराठी शिकवलेल्या तुम्हाला दुपारच्या पाळीत बालवर्गावर बसवलं. भेस्तानहून भर उन्हात, रिक्षात दाटीवाटीनं बसून तुम्ही यायचात. जिन्यात मी दिसले की माझं काम कसं चाललंय एवढंच विचारायचात. कितीदा सांगायचं ठरवलं. पण तुम्ही माझा फॉर्म आधीच ओळखला असेल तर, या भीतीनं गप्प राहिले. ओळखला नसेल तर, याही भीतीनं. पुढे तुम्ही निवृत्त झालात, मग आजारी पडलात. भेटायला आले तेव्हाही मी मुलांच्या निकालाबद्दलच बोलत बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आता लिहिता येतंय. तुमचा दहावीचा वर्ग सरांनी मला दिला, हे तुम्हाला माहीत होतं. पण त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते, बाई.